माझ्याच अक्षरातलं पत्र

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रकृती कशी आहे म्हणून विचारतेस, तर कुठल्या दिवसाची सांगू? सोमवारी मुठी अलगद मिटल्या. सहा कोट बेतले आणि संध्याकाळी शीळ घालत घरी आले. मंगळवारी टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडावं लागलं. हा संधिवात आदल्या दिवशी काही कळवत नाही. डोळे उघडले की अंथरुणातच बोटं हलवून बघते, मग दिवस कसा जाणार ते कळतं.

कारखान्यात कुणाला पत्ता नाही. वाईट दिवशी मी सकाळभर कापडावर खडूने रेघा मारते आणि कात्री दुपारवर ढकलते. काल मात्र ती दोनदा हातातून निसटली. दुसऱ्यांदा तर अंगठ्यापासून बोटभर अंतरावर पडली. मी धांदरटासारखी हसले आणि वेळ मारून नेली. हे फक्त तुला सांगतेय. तुला सांगितलं की निम्मं दुखणं उतरतं.

पुढच्या महिन्यात विजेवर चालणारं कापायचं मशीन येतंय. मालकीणबाई ते माझ्या हाती देणार आहेत. बावीस वर्षांचं चीज झालं बघ.

भाच्याचा कान माझ्या वतीने ओढ. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
बबडी


४ जुलै

ताई,

आज मायना सुचत नाही.

मालकीणबाईंनी काल मला आत बोलावलं, दार लोटलं आणि खणातून एक पत्र काढून, हे तुमचंच ना, असं अगदी हळू विचारलं. अक्षर माझंच होतं. सोबत तुझी चिठ्ठी होती.

आता मशीन त्या नव्या मुलीकडे गेलं. कात्री कशी धरायची ते मीच तिला शिकवलं होतं. मला बटणं लावायला बसवलंय. गंमत अशी की बटणाची बारीक सुई मला कात्रीपेक्षा जड जाते.

दगा देणं हा माझ्या दुखण्याचा स्वभावच आहे, त्याच्यावर मी रागावत नाही. तुझा तो स्वभाव नव्हता. त्या पत्रात मी तुझ्यासमोर रडले होते, ताई, मालकीणबाईंसमोर नाही.

बबडी


१२ जुलै

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

मला हवं तेवढं बोल. पण मी नर्स आहे. पात्याखाली सापडलेले हात मी धुतलेत, बांधलेत. तुझं पत्र वाचलं आणि त्या मशीनपुढे तूच दिसायला लागलीस. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. चार ओळींवर त्यांचा विश्वास बसणार नाही असं वाटलं, म्हणून पत्र जोडलं. ते तुला दाखवू नका, अशी विनंती केली होती.

पत्र पाठवलं ही चूक. कळवलं ही चूक मानत नाही. भांड, पण गप्प बसू नकोस. हात कसे आहेत?

तुझी,
ताई


२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

महिनाभर लिहिलं नाही. गेल्या आठवड्यात हात फार सुजले होते, तसेच नेऊन मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, एकदा नीट बघून घ्या. मशीन त्या मुलीकडेच राहू द्या, पण कापड कसं बेतायचं ते माझ्या डोक्यात आहे, ते काही सुजलेलं नाही. त्यांना पटलं. आता रेघा मी मारते, मशीन ती चालवते. रोज सकाळी मी त्यांच्या टेबलाशी थांबते, त्या, आज कसं, असं विचारतात आणि मी खरं ते सांगते. पहिले दोन दिवस लाज वाटली.

मशीनच्या बाबतीत तुझं बरोबर होतं. तेही कबूल करते.

पण मधे चारदा तुला लिहायला बसले. प्रत्येक वेळी वाटलं, हे आणखी कोण वाचेल? चारही पत्रं फाडली. आता हातांचं विचारू नकोस. पाकिटातलं हे शेवटचं. यापुढे कार्ड पाठवीन, वाटेत पोस्टमनने वाचलं तरी चालेल एवढंच त्यावर असेल.

भाच्याच्या परीक्षेचं कळव. लोभ आहे, तो काही गेला नाही.

तुझी धाकटी बहीण