राऊटर कुलपात

सोमवार, ४ मार्च
आजपासून घरच्या नेटची रीतसर नोंद ठेवणार. सव्वीस वर्षं गोडाऊनला स्टोअरकीपर आहे, एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला नाही. आणि माझ्याच घरात राऊटर टीपॉयवर उघडा! काल लोखंडी कपाटात ठेवला. वायरीसाठी मागून भोक पाडलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात. तेव्हापासून नेट ढिम्म. निव्वळ योगायोग. कंपनीचा दोष असणार.
शुक्रवारी अकराला मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. आठ महिने घरी बसल्यावर आलेली पहिली संधी. टेक्निशियनला बोलावू का, म्हणाली. म्हटलं, मी काय मेलोय?

मंगळवार, ५ मार्च, संध्या. ७
नेट नाही. ही म्हणाली, कपाटातून काढून तर बघा. हिला कशातही कपाटच दिसतं. राऊटर बाहेर राहणार नाही, विषय संपला.
गंमत म्हणजे दिवसभर नेट झकास चालतं म्हणे. सासूबाईंनी मालिकेचे चार भाग पाहिले. मी सहाला घरात शिरलो की बंद. निष्कर्ष: संध्याकाळी सगळं जग नेटवर येतं. तासावार तक्ता आखून भिंतीवर लावला. कोणी पाहिला नाही.

बुधवार, ६ मार्च
मुद्दाम पाचला आलो. बेल वाजवली तेव्हा आतून व्हिडिओचा आवाज येत होता. दार उघडायला बराच वेळ लागला. आत जातो तर नेट बंद! ही कपाटापाशी घाईघाईने साड्यांच्या घड्या घालत होती. कामाला वाघ आहे.
शंका: माझ्याच अंगावरचं काही आड येतंय का? मोबाईल बंद केला. घड्याळ काढलं. मग पट्टा, कारण बक्कल धातूचं. पँट धरून घरभर फिरलो. नेट नाही. सासूबाईंना खोकल्याची उबळ आली, तोंड दाबून आत गेल्या.

गुरुवार, ७ मार्च
उद्याची रजा टाकली. दिवसभर घरी थांबून जातीने देखरेख करणार. जाहीर केल्यावर मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाची किंमत पोरांना अशा वेळीच कळते.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी ९
कपाटाला खुर्ची टेकवून बसलोय. नेट नाही. मुलगी रडकुंडीला आलीय. धीर धर म्हटलं.

९.४०
सासूबाईंना अचानक अंधुक दिसायला लागलं. चष्मेवाल्याकडे आत्ताच्या आत्ता जायचंय, आणि सोबत जावईच हवेत. स्वतःची मुलगी, म्हणजे ही, चालणार नाही! एरवी माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. पण पोरीला असं सोडून कसं जायचं? तर तीच म्हणाली, बाबा, आधी आजीचं बघा. केवढी समजूतदार!

दुपारी १
नंबर तोच निघाला. तरी सासूबाईंनी बावीस फ्रेम लावून पाहिल्या, घेतली एकही नाही. घरी येतो तर इंटरव्ह्यू पार पडलेला. एकदाही अडकला नाही म्हणे. तक्ता लागू पडला!

संध्या. ७
अजून नेट चालू. मी घरात असून! पट्ट्यासकट!

शनिवार, ९ मार्च
मुलीची निवड झाली. सकाळीच फोन आला. फार आनंद झाला, डोळे पुसावे लागले. त्या भरात राऊटरही पुसावा म्हणून कपाट उघडलं. आत नुसत्या साड्या. राऊटर टीपॉयवर, वर्तमानपत्राखाली.
काल आनंदात परत ठेवायचा राहून गेला, ही म्हणाली. रोज मी कामावर गेलो की बाहेर काढायचा, मी यायच्या आत कुलपात. कपाटाला दुसरी किल्ली आहे. मोलकरणीलाही माहीत आहे. स्टोअरकीपरला नाही.
तेवढ्यात मुलगी येऊन गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, काल तुम्ही बाहेर गेलात म्हणून जमलं, खरंच थँक्यू. टोमणा असता तर परतवला असता. पण ती अगदी मनापासून म्हणत होती.