टाकीतल्या दर्याला नारळ

कोळीवाडा, ठाणे
रविवार सकाळ

श्री. कुंडलिकराव व्याही यांस गोमाजीचा मनापासून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? दक्षता आणि बाळ मजेत असणारच. नातू माझ्यावर गेलाय असं शेवंती म्हणते (ती हे कौतुकाने म्हणत नाही). पत्र बघून दचकू नका. ठाकुर्लीला फोन करावा तर तुमच्याकडे तो दक्षताच उचलते, तुम्हाला देऊन शेजारीच बसते, आणि तुमचं व्हॉट्सअॅपही तीच उघडून देते. मला जे सांगायचंय ते नेमकं तिच्याच कानावर जाता कामा नये, म्हणून हे आमच्या सुदेशच्या हाती पाठवतोय.

तर पहिलं म्हणजे, सुटलो बुवा एकदाचा. मासे जिवंत आहेत.

बाळंतपणाला तुमच्याकडे येताना आमच्या सूनबाईंनी त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या हवाली केली होती. नारिंगी माशांची जोडी, आणि नखाएवढ्या तुकड्यापासून तिने वाढवलेलं जिवंत प्रवाळ. (सुदेशला विचारलंच नाही. त्याला त्या टाकीतलं फक्त दिव्याचं बटण कळतं.) "बाबा, पाणी हलतं राहिलं पाहिजे. ते थांबलं की सगळं संपलं," एवढंच तिने बजावलं. मी म्हटलं, पोरी, जन्म पाण्यावर गेलाय माझा.

मग आली नारळी पौर्णिमा. शेवंती म्हणाली, "दर्या घरान आयलाय, त्याला नारल नको?" तिने सोनेरी कागद लावलेला नारळ शेंडीसकट टाकीत सोडला, आम्ही जोडीने हात जोडले, मी दोन ओळी गाऊनही घेतल्या. तासाभरात पाणी हलवणाऱ्या पंपाने ती शेंडी ओढून घेतली, कण्हला आणि गप्प झाला. नारळ बाहेर काढला, पण पंप काही उठला नाही. प्रवाळाने अंग चोरून घेतलं.

तडक नौपाड्यात शोभेच्या माशांचं दुकान गाठलं. दुकानदार नयन विचारत बसला, काका टाकी किती लिटरची, प्रवाळ मऊ आहे की कडक. माझी अर्धी हयात बोटींची इंजिनं उघडण्यात गेली. इंजिन घ्यायचं तर मोठंच, हे मला ठाऊक. म्हटलं, सगळ्यात ताकदवान दे. घरी येऊन बटण दाबलं मात्र, तळाची सगळी वाळू वर आली, मासे कोपऱ्यातल्या काचेला चिकटले आणि पाण्याची एक चिळकांडी थेट भिंतीवरच्या आमच्या वडिलांच्या फोटोवर गेली (त्यांनी वादळं पाहिलेली, त्यांना विशेष वाटलं नसावं). तो बदलून सगळ्यात छोटा आणला. त्याच्याने माशांचा दाणासुद्धा हलेना. वर मी अक्कल चालवली. दर्याला भरती-ओहोटी असते, टाकीला का नको? म्हणून भरतीला पंप चालू, ओहोटीला बंद. पहिल्याच ओहोटीत दोन्ही मासे वर येऊन आ वासायला लागले. शेवंती पापलेट तळत होती (तळताना ती टाकीवर टॉवेल टाकते, त्या माशांना बघवणार नाही म्हणून). ती झाऱ्यासकट बाहेर आली आणि तिने माझी लायकी काढली.

पंप चालू केला आणि स्टुलावर बसून राहिलो. खरं सांगतो, घाबरलो होतो. पोर बाळाला घेऊन दारात उभी राहील आणि टाकीत नुसतं पाणी असेल, तर तिला तोंड कसं दाखवू?

तेवढ्यात खाडीचं तोंड आठवलं. दोन बाजूंचं पाणी तिथे एकमेकांवर येतं, घुटमळतं, आणि मासा तिथेच थांबतो. पुन्हा नौपाडा. मध्यम ताकदीचे दोन पंप आणले, समोरासमोरच्या काचांना लावले. (नयन म्हणतो, काका, पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. सांगितलं असेल. इंजिनाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.) पाणी मधोमध भेटून सगळीकडे फिरायला लागलं, आणि काल दुपारी प्रवाळ पुन्हा फुललं. शेवंतीने टाकीची दृष्ट काढली. मी आत जाऊन डोळे पुसून आलो.

विहीणबाईंना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

तुमचा,
गोमाजी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. प्रवाळाचा एक कोपरा अजून फिका आहे. शुक्रवारी सव्वा महिना पूर्ण होतोय, पण दक्षताला आणखी आठ-दहा दिवस ठेवून घ्या. कारण काहीही सांगा. तुमचा गुडघा आहेच.

ता. क. दुसरा : सुदेश पत्र न्यायला आला आणि कशाबद्दल लिहिलंय ते ऐकून हसत खालीच बसला. टाकीच्या वर दक्षताने एक बारकासा कॅमेरा लावून ठेवलाय म्हणे. नारळ, माझं गाणं, झारा, सगळं तिने तिकडे मोबाइलवर पाहिलं. सुदेशला बोलू नको म्हणाली, कारण बाबांना वाईट वाटेल. संध्याकाळी बाळ रडायला लागलं की ती त्याला टाकी दाखवते, आणि काचेला नाक लावलेला मी दिसलो की ते गप्प होतं.

आणि व्याही, तुम्हीही चहा घेऊन शेजारी बसता असं कळलं. वर फोनवर मलाच साळसूदपणे विचारता, "मासे बरे आहेत ना?" हे बरं नव्हे.

वरची विनंती रद्द. शुक्रवारी म्हणजे शुक्रवारीच पाठवा, एक दिवस जास्त ठेवू नका. आणि आज दिवेलागणीला मी दाढी करून टाकीपुढे बसतोय. बाळाला जागं ठेवा.