रंगवलेला सांधा

आई, नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हे आधी नीट वाच आणि मगच पुढचं वाच.

आमच्या साहेबांना ही जुनी छोटी रेल्वे पाहुण्यांसाठी नवीकोरी दिसायला हवी. परवा त्यांनी गाडीची वाट बदलायचा सांधासुद्धा रंगवून घेतला. रंग वाळला आणि सांधा बाजूच्या रुळाकडे वळलेलाच चिकटून बसला! मी दांडा ओढून ओढून थकले, पण तो ढिम्म हलेना. तेवढ्यात वळणावर गाडी दिसली.

मी लाल बावटा हलवत धावले. पण पाहुणे दिसले की बावटे हलवून स्वागत करा, हाही साहेबांचाच हुकूम! ड्रायव्हरकाकांनी हसून मला हात केला आणि गाडी सरळ घातली बाजूच्या रुळावर. तो रूळ जुन्या मालगोदामाच्या भिंतीपाशी संपतो. काकांनी कसाबसा ब्रेक दाबला, तेव्हा भिंत वीतभर राहिली होती. आणि पाहुण्यांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या!

रंगारी म्हणतो, "ताई, मला सांगितलं तेवढं मी केलं." साहेब तर खूश. म्हणतात, लोकांना आवडलं, आता दर रविवारी असंच करू. कुणापुढे डोकं आपटायचं, तूच सांग.

तुझी कंबर कशी आहे? दादा औषध वेळेवर आणतो ना? नाहीतर माझ्या नावाने त्याला झाप.

माझी राहायची खोली कशी आहे, विचारलं होतंस. चांगली ऐसपैस आहे, त्याच मालगोदामात. खाट तेवढी कालच दुसऱ्या भिंतीला सरकवली.

तुझीच,
धाकटी