चष्मेवाले गेले कुठे?

१२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय ताई,

तुझी टाच आता कशी आहे? आमच्याकडची गळती प्लंबरने एकदाची थांबवली. आता दुसरीकडून गळतंय.

बाबांची पक्ष्यांची नोंद चालूच आहे. बाल्कनीतली खुर्ची, मिटलेले डोळे, आणि नुसत्या आवाजावरून एकेक नाव. "आधी कान, मग डोळे," हा त्यांचा नियम तू विसरली नसशीलच.

यंदा मात्र डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले ते चष्मेवाले पक्षी आलेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खाली बागेत माळ्याने औषध फवारलं म्हणून गेले, असं ठरवून त्याच्याशी भांडलेसुद्धा. आणि ताई, मी चहा घेऊन बाजूला उभी, तर समोरच्या झाडावर तेच मुठीएवढे हिरवे पक्षी नुसता किलबिलाट करत होते.

तुमचे कान गेले, असं सांगायला माझी जीभ रेटेना. रोज गप्प राहिले.

ती फवारलेली फांदी पुराव्यासाठी नीट बघावी म्हणून काल त्यांनी दुर्बीण लावली. फांदीवर एक चष्मेवाला चोच उघडून बसला होता. मग म्हणाले, "अगं, हा ओरडतोय का?"

"हो, बाबा."

"मोठ्यांदा?"

"कान किटतील एवढा."

ते हसले. म्हणाले, "म्हणजे माळ्याची माफी मागायला हवी." मग दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत बसले. चहावर साय धरली. आणि एकदम विचारलं, "थोरली फोनवर बोलत असते का गं?"

"म्हणजे?"

"मला नुसती खरखर येते. वाटायचं, रागावली आहे. फोन करते आणि अबोला धरते. मग मीच 'बरं बरं' म्हणून ठेवून देतो."

ताई, त्या दिवशी तू म्हणालीस, "त्यांना माझ्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत, तर मी येऊन काय करू?" मी तेव्हाही गप्प राहिले. मला वाटलं, तुमच्या दोघांच्या भांडणात मी कशाला पडू? भांडण कुठे होतं गं?

कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारी नेते आहे. यंत्र लावायला ते कटकट करतील, तेव्हा तू हवीस. इकडे यायला काढलेली रजा रद्द करू नकोस. तुझा आवाज बारीक तो बारीकच. पण समोर बसून बोल. नियम त्यांनी कालच बदलला आहे.

आज सकाळी बाल्कनीत त्यांनी स्वतःच दुसरी खुर्ची आणून ठेवली. आपल्या खुर्चीच्या शेजारी नाही, समोर.

वाट बघणारी,
तुझी भसाड्या आवाजाची धाकटी