शनिवारचा खुनी आणि हेडमास्तरांचा कोट

तीर्थस्वरूप दादांना,

मशीन बंद करून, गळ्यातली टेप काढून, सरळ उभं राहून केलेला नमस्कार पोचावा. (नमस्कारापुरता उभा होतो. पत्र बसूनच लिहितो आहे, गैरसमज नसावा.)

आपला गुडघा काय म्हणतो? खोकला गेला का? वहिनींची कंबर कशी आहे? इकडे सर्व खुशाल आहे. सर्व म्हणजे मी. कारण घरात सध्या मी एकटाच आहे आणि तुमची बहीण गेले तेरा दिवस तुमच्याकडे आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आल्यावर तिने काय सांगितलं कोण जाणे. चार दिवस विश्रांतीला आले असं म्हणाली असेल तर तसंच समजा आणि हे पत्र इथेच घडी करून ठेवा. पण भांडून आले म्हणाली असेल, तर दुसरी बाजूही तुमच्या कानावर घालणं हे मेहुणा या नात्याने माझं कर्तव्य आहे. तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. ती येत्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत इथे असेल की नाही, एवढीच चौकशी करतो आहे, तीही सहज.

शनिवारी सहा वाजता काय असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. टीव्हीवर ती गुप्तहेराची मालिका असते. दर भागात एक खून, चार-पाच संशयित आणि एक इन्स्पेक्टर. या इन्स्पेक्टरांचा कोट खांद्यात चांगला इंचभर मोठा आहे, म्हणून आम्ही दोघं त्यांना ‘सैलकोट’ म्हणतो. (इतकी वर्षं नोकरी करून माणसाला एक बरा शिंपी शोधता आला नाही, तो खुनी काय शोधणार, असं माझं सुरुवातीपासूनचं मत आहे.) शनिवारी आम्ही दुकान साडेपाचलाच बंद करतो. आमचा नियम असा की पहिल्या जाहिराती लागल्या की दोघांनीही एकेका चिठ्ठीवर खुनी कोण ते कारणासकट लिहायचं, चिठ्ठी घडी करून बटणांच्या डब्यात टाकायची आणि मग शेवटपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. भाग संपला की डबा उघडायचा. जो हरेल त्याने आठवडाभर सकाळचा चहा करायचा. आता दादा, चहा हा काही मोठा विषय नाही. पण अकरा आठवडे सलग तो मीच केला, हा मात्र विषय आहे.

तुमची बहीण खुनी ओळखते कशी, ते ऐका. एका भागात एक श्रीमंत गृहस्थ सोमवारी अचानक दगावले. गुरुवारी त्यांना पोचवायला माणसं जमली, तिथे बायको काळ्या पोशाखात हमसून हमसून रडत होती. मला भरून आलं. तुमच्या बहिणीने शांतपणे चिठ्ठीवर लिहिलं : ‘बायको. हा पोशाख कंबरेत इतका नेमका बसलाय की तीन दिवसांत शिवून मिळणं शक्य नाही. मापं आधीच दिली होती.’ आणि तेच निघालं! अहो, तीस वर्षं कात्री चालवतोय मी, लोकांना ‘दहा दिवस लागतील’ असं रोज सांगतोय मी, आणि ओळखलं कोणी, तर काजं-बटणं करणाऱ्या माझ्या बायकोने. मी त्या दिवशी माळ्यावर संशय घेतला होता, कारण त्याची नजर मला पटली नव्हती. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी डॉक्टरांवर घेतला, त्याच्या आधी शेजाऱ्यावर, आणि एकदा तर मेलेल्या माणसावरच घेतला. तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं. चहाही मीच केला, पाणीही मीच दिलं.

माणसाच्या सहनशक्तीला काही मर्यादा असते. बाराव्या आठवड्यात, गुरुवारी, दुकानात एक बाई आल्या. पुढच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत नटनट्यांना केसांचे टोप चढवायचं काम त्या करतात. त्यांच्या जाकिटाची चेन तुटली होती. बोलता बोलता कळलं की आपली मालिका तिथेच तयार होते. दादा, मी मुळात सरळ माणूस आहे. पण बाहेर कडाक्याची थंडी होती, जाकीट माझ्या हातात होतं, आणि चेन बसवायला किती वेळ लागतो हे गिऱ्हाइकाला कधीच ठाऊक नसतं. पाच मिनिटांच्या कामाला मी पाऊण तास लावला. शेवटी बाई कुडकुडत म्हणाल्या, की येत्या शनिवारी कारखानदाराचा खून त्याची बायकोच करते, रोज दुधातून थोडं थोडं विष घालून, आणि आता कृपा करून ते जाकीट द्या. (चेन उत्तम बसवली. वर अस्तराची उसवलेली शिवणही घालून दिली. त्या बाबतीत माझ्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही.)

त्या गेल्यावर मला राहवेना. कापायच्या टेबलावर बसून मी शनिवारच्या चिठ्ठीची रंगीत तालीम केली. छान वळणदार अक्षरात लिहिलं : ‘खुनी – बायको. रोज थोडं थोडं, दुधातून. नवऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.’ दोनदा वाचून पाहिलं आणि खिशात टाकलं. म्हणजे खिशात टाकलं असं मला वाटलं.

आता इथे आमच्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्या वडिलांची शिकवण अशी, की कोट तयार झाला की गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी आतल्या खिशात टाचून द्यायची. उद्या कोट सैल करायची वेळ आली, आपण असू-नसू, दुसऱ्या कारागिराचं अडायला नको. त्या दिवशी माझ्यासमोर हेडमास्तरांचा कोट तयार होऊन पडला होता. चिठ्ठी टाचली, शुक्रवारी सकाळी ते कोट घेऊन गेले. शनिवारी जाहिराती लागल्यावर मी खिशातली चिठ्ठी काढली, तर तिच्यावर ‘छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस, श्वास घेऊन’ असं लिहिलेलं! म्हणजे खुन्याची चिठ्ठी हेडमास्तरांच्या कोटात टाचली गेली होती! पण वेळ नव्हता. घाईघाईने दुसरी चिठ्ठी लिहून डब्यात टाकली आणि हेडमास्तरांना कोटाच्या आतल्या खिशात हात घालायची बुद्धी होऊ नये अशी मनातल्या मनात प्रार्थना केली.

त्या दिवशी मी जिंकलो. तुमच्या बहिणीने ‘पुतण्या’ लिहिलं होतं. पुतण्या! मालिकेतल्या कुत्र्यालासुद्धा कळत होतं की पुतण्याचा काही संबंध नाही. पण मी तेव्हा आनंदात होतो, माझ्या काही लक्षात आलं नाही. आणि ती? ती टाळ्या पिटत उठली. समोरच्या छत्रीवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीला, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने सांगितलं, की आज यांनी ओळखलं हो, एकट्याने ओळखलं. रोज सकाळी चहाचा कप हातात आणून द्यायची आणि म्हणायची, ‘घ्या, इन्स्पेक्टरसाहेब.’ चार दिवस मी तो चहा प्यायलो. गोड होता, पण खाली उतरत नव्हता.

बुधवारी हेडमास्तरीणबाई दुकानात आल्या. एका हातात कोट, दुसऱ्या हातात चिठ्ठी. झालं होतं असं, की हेडमास्तरांना ती चिठ्ठी सापडली आणि कोणीतरी हितचिंतकाने आपल्याला सावध केलंय असा त्यांचा समज झाला. त्यांची पाचावर धारण बसली. बायकोला काही बोलले नाहीत, पण दूध बंद केलं. मग चहा बंद केला. मग घरचं जेवण बंद करून शाळेसमोरच्या खानावळीत जेवायला लागले. एका बाटलीत दूध भरून औषधाच्या दुकानात तपासायलाही देऊन आले. (दूध निर्दोष निघालं, थोडं पातळ आहे एवढंच.) हेडमास्तरीणबाईंना वाटलं नवरा दुसरीकडे कुठेतरी गुंतला, म्हणून त्यांनी खिसे तपासले, आणि चिठ्ठी हाती लागली. तोवर हेडमास्तरांनी सवयीप्रमाणे तिच्यातल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्तही केल्या होत्या.

बाईंचा आवाज तुम्हालाही तिकडे ऐकू आला असेल. मी माझी मान आणखी खाली घालायला जागा शोधत होतो. तुमच्या बहिणीने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली, टीव्हीतल्या भागाची सगळी गोष्ट सांगितली, हेडमास्तरांची बाजू घेतली, बाईंना हसवलं आणि दारापर्यंत पोचवलं. मला वाटलं, सुटलो. मग ती परत आली, चिठ्ठी टेबलावर सपाट केली आणि एवढंच म्हणाली, ‘कोट शुक्रवारी सकाळी गेला. भाग शनिवारी होता.’

बस. सैलकोटला याला पाऊण तास आणि तीन जाहिराती लागल्या असत्या. मी चेनचं सगळं कबूल केलं. ती रागावली असती तर मी भांडलो असतो. पण ती रागावलीच नाही. म्हणाली, ‘मी सगळ्यांना सांगत फिरले हो.’ आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. मी ‘चुकलो’ म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी ‘एका चहासाठी एवढं?’ असं म्हणालो. दादा, हा माझा जबाब आहे आणि तो माझ्या विरुद्ध वापरला तरी माझी हरकत नाही.

तेव्हापासून दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी मी एकट्याने चिठ्ठी टाकली, एकट्याने डबा उघडला, माझीच चिठ्ठी मलाच वाचून दाखवली. गुन्हेगार मोलकरीण निघाली, मी आचारी लिहिलं होतं. म्हणजे समोर कोणी नसतानाही मी हरलो. दुसऱ्या शनिवारी टीव्ही लावलाच नाही. दुकानाचं म्हणाल, तर एका जाकिटाची काजं मी उलट्या बाजूला पाडली आहेत आणि गिऱ्हाइकाला ती नवी फॅशन असल्याचं पटवतो आहे. घर फार मोठं वाटतं. खरं म्हणजे दीड खोलीच आहे. असो. माझा काही आग्रह नाही.

वहिनींना नमस्कार. कळावे.

आपला मेहुणा
(तूर्त एकटा)

ता. क. : मोठी कात्री कुठे ठेवली आहे एवढंच तुमच्या बहिणीला विचारून कळवावं. पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा : कात्री सापडली. समोरच होती. पण ती शोधताना बटणांचा डबा उपडा झाला आणि तळाशी, मोत्याच्या बटणांखाली, तिच्या अक्षरातली आणखी एक चिठ्ठी निघाली. तारीख त्याच शनिवारची. ‘बायको. दुधाचा पेला धुते स्वतः, बाकी भांडी मोलकरणीला.’ म्हणजे तिला सगळं कळलं होतं. खरी चिठ्ठी तळाशी दडवून तिने वर ‘पुतण्या’ टाकला, मी एकदा तरी जिंकावं म्हणून. दादा, मी चोरून जिंकलो आणि ती चोरून हरली. या दोन गुन्ह्यांतला मोठा कोणता ते तुम्हीच सांगा. मी अर्धा तास बटणं वेचत बसलो होतो, आणि सगळी वेचून झाल्यावरही बसलो होतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : दादा, माफ करा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि महिनाभर तुम्हाला वाचायची बंदी आहे, हे मला ठाऊक आहे. वर प्रकृतीची चौकशी करताना मी डोळ्याचं नाव मुद्दामच काढलं नाही. वहिनी कुठलंही पत्र शेवटापासून वाचतात म्हणून तुम्ही त्यांच्या हाती देत नाही, हेही ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र तुम्हाला मोठ्याने वाचून कोण दाखवतंय, हे ओळखायला मला कुठल्याही बाईची चेन अडकवून ठेवावी लागली नाही.

अगं, चुकलो. दादांच्या समोर, तुझ्याच तोंडून म्हणतो आहे, म्हणजे साक्षीदारही झाला. आता खरं सांग, हे पत्र तुलाच आहे हे कितव्या ओळीला ओळखलंस? लिहून कळवू नकोस. शनिवारी सहाच्या आत इथे येऊन सांग.