पान एकसष्ट

३ मार्च

ती. मामास,
शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. चंद्राचा कारभार कुणी आणि कसा पाहायचा, याची सनद इथे ठरतेय. आम्हा चाळीस पोरापोरींना सल्ल्यासाठी बोलावलंय. आई म्हणते, घरात कप विसळत नाही आणि निघाली चंद्र सांभाळायला. एकवीस तारखेच्या बैठकीत मला बोलायला तीन मिनिटं मिळतील. एकच मागणी आहे: तिथे खणायचं की नाही हे ठरवताना आमचीही मतं मोजा. पन्नास वर्षांनी ते खड्डे आम्हीच बघणार ना?

आज फोटोवाल्याने आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. अजून कुणी काही बोललंही नव्हतं! मामीला नमस्कार. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चंद्राच्या कारभारीणबाई, तुमच्या मामीने गल्लीभर बढाया मारून ठेवल्यात.

लिहू की नको, असं चार दिवस चाललंय. तुमची सनद आमच्याच बाइंडिंगखान्यात शिवायला आलीय, दोन हजार प्रती. पान एकसष्टवर छापलंय की तरुणांशी चर्चा झाली आणि त्यांनी सगळ्याला संमती दिली. खाली फोटो. पुढच्या रांगेत तू, हसून टाळ्या वाजवतेयस. मतं मोजायचं कलम कुठेच नाही, मी तीनदा शोधलं. मालकांना म्हटलं, बैठक तर अजून व्हायचीय. ते म्हणाले, आपलं काम सुईदोऱ्याचं. मग मीही मान खाली घालून शिवत बसलो. फार लाज वाटते गं.

बोलायचं की परत यायचं, ते तू ठरव. कसंही कर, आम्ही तुझेच आहोत.

तुझा मामा

२२ मार्च

ती. मामास,
शि. सा. नमस्कार.

पत्र वेळेत मिळालं. तरी बोलले. पान एकसष्ट काढा, म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, तरुणांचा हा जोश पाहून आनंद वाटला. सगळ्यांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. जेवणाच्या सुट्टीत एकेक प्रत वाटली.

खोलीवर येऊन ते पान फाडायला घेतलं, आणि तू शिकवलेलं आठवलं. शिवलेल्या पुस्तकात एक पान ओढलं की त्याच दुमडलेल्या कागदाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे त्याचं जोडपानही सुटतं. एकसष्टचं जोडपान एक्कावन्न. चंद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही, हे वाक्य तिथे आहे. अख्ख्या सनदेत बरं म्हणावं असं तेवढंच. म्हणून ठेवलं तसंच.

तू लाजू नकोस. उरलेल्या प्रती तूच शिव. दुसऱ्याचे टाके सैल पडले तर एक्कावन्नही टिकायचं नाही.

मंगळवारी येतेय. स्टेशनवर ये, जवळ घे, पण शाबासकी देऊ नकोस.

तुझी भिंगरी