गोळ्यावरची दांडी

४ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! विज्ञान संग्रहालयात, ठिणग्यांच्या दालनात. मधोमध खांबावर भलामोठा पितळी गोळा, पलीकडे जाळीचा पिंजरा. मी पिंजऱ्यात बसायचं, मास्तरांनी यंत्र सुरू करायचं, की गोळ्यातून निळी वीज कडाडत जाळीवर येते. आतल्या माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही. पहिल्याच खेळाला ताई आली होती. मी आतून जीव गेल्यासारखी किंकाळी फोडली. बिचारी रडकुंडीला आली, मग घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आई गेल्यापासून तीच माझी आई, आणि मी तिच्या डोक्याला ताप.

६ फेब्रुवारी
मास्तर एक नंबरचे खडूस. यंत्र चालवता चालवता केस पिकले, पण कौतुकाचा एक शब्द तोंडातून निघत नाही. साफसफाईसाठी पिंजऱ्यात जाताना यंत्राची किल्ली काढून खिशात ठेवायची, हे ठीक. वर आणखी एक लांब दांडी गोळ्यावर अडकवायची. तिची तार जमिनीत गेली आहे, त्यामुळे उरलीसुरली वीज उतरते म्हणे. किल्ली खिशात असताना दांडी कशाला, असं मी विचारलं. त्यावर म्हणाले, तो किल्लीला जुमानत नाही, दांडीला जुमानतो. तो म्हणजे कोण, असं विचारलं, तर पाठ फिरवून चालते झाले.

९ फेब्रुवारी
वीज जाळीवर कुठेही पडायला हवी. ती माझ्या तोंडासमोरच पडते. मी डावीकडे सरकले, तीही सरकली. तेवढीच जाळी काळी पडली आहे. तिकीटवाल्या बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, आधीच्या मुलीचंही असंच झालं होतं. ती कुठे गेली, विचारलं. त्यांनी पुढच्या माणसाला तिकीट फाडून दिलं.

१२ फेब्रुवारी
यंत्र बंद होतं, तरी गोळ्याजवळून जाताना अंगावरचे केस उभे राहिले. त्याला मी इथे नको आहे. दांडी लावायची विसरले, म्हणून मास्तरांनी भर प्रेक्षकांत माझी खरडपट्टी काढली. मीही हट्टाला पेटले. नाहीच लावणार दांडी, काय करायचं ते करा.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज संग्रहालय बंद. मास्तर चहाला बाहेर गेलेत. मी पिंजऱ्यात बसून जाळी पुसते आहे, काजळी काही निघत नाही. किल्ली खिशात, दांडी भिंतीला. ताई न्यायला येईल, तोवर ही वही.

यंत्राची घरघर ऐकू येते आहे. पण किल्ली तर माझ्या —

सुरू झालं. तोंडासमोरच. आत काही होत नाही, माहीत आहे मला. तरी खूप भीती वाटते आहे. पिंजऱ्याच्या दाराला हात लावायची हिंमत नाही —

थांबलं. एकदम. का?

दालनाचं दार वाजलं. ताई.

तिला पाहून थांबलं. घरघर चालूच आहे, अगदी बारीक —

येऊ नकोस म्हणून जीव तोडून ओरडले. ती हसते आहे. म्हणते, एकदा फसले, आता नाही फसायची. सरळ गोळ्याजवळून —

मोठ्या अक्षरांत लिहून जाळीला लावते.

ताई थांब. गंमत नाही. आईची शपथ. भिंतीची दांडी घे. लाकडी मूठ धर. गोळ्याला हात नको, हात नको, दां